मोरीतून आलेलं पाणी आणि सासऱ्यांची ट्रंक

"ताई, आम्ही परळला, हिंदमाताजवळच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर राहतो. पागडीच्या दोन खोल्या. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि एक्याऐंशी वर्षांचे सासरे. मागच्या मंगळवारी दुपारी पावसाने धरलं आणि साडेतीनच्या सुमारास मोरीतून काळं पाणी वर यायला लागलं. दारातून यायच्या आधी मोरीतून आलं. अर्ध्या तासात गुडघाभर झालं. नवरा कुर्ल्याला लोकलमध्ये अडकलेला. मी पाण्यातूनच जाऊन मेन स्विच बंद केला, सासऱ्यांना पलंगावर बसवलं आणि हाताला लागेल ते पोटमाळ्यावर टाकत राहिले. शेजारच्या मुलांनी सासऱ्यांना उचलून वरच्या मजल्यावर नेलं तेव्हा त्यांचे पाय गार पडले होते. त्यांना मी आधी का हलवलं नाही, हेच मनात घोळतं. रात्री दहाला पाणी उतरलं. आता घरभर वास आहे, भिंती ओल्या आहेत. पलंगाखाली सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात सासूबाईंची लुगडी, त्यांनी शिवलेली गोधडी, जुने फोटो. सगळं भिजलं. सासरे काहीच टाकू देत नाहीत, ट्रंकेला हात लावू देत नाहीत. मुलगा रात्री पावसाचा आवाज आला की उठून मोरीत बघून येतो. नवरा म्हणतो, हे सगळं सोडून बदलापूरला जाऊ. कुठून सुरुवात करू, काही सुचत नाही."

ताई, सुरुवात ट्रंकेपासून करा. आजच.

तुमचं पत्र हाती आलं तेव्हा पाणी उतरून पाच दिवस झाले होते. भिंती, फर्निचर, रंग ही कामं आणखी थोडी थांबली तर बिघडत नाही. ट्रंक मात्र थांबणार नाही. बंद पत्र्याच्या पेटीत गटाराचं पाणी प्यायलेलं कापड पाच दिवस राहिलं की बुरशी धरते, पत्र्याचा गंज कापडात उतरतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. सासरे हात लावू देत नाहीत याचं कारण उघड आहे. तुम्ही ती उघडली की सगळं कचऱ्यात जाईल, ही त्यांना भीती आहे. ती त्यांच्या मनातून काढल्याशिवाय झाकण उघडणार नाही. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसा आणि सरळ शब्द द्या : "अण्णा, तुम्हाला विचारल्याशिवाय यातली एक चिंधीसुद्धा बाहेर जाणार नाही." अण्णा म्हणत असाल तर अण्णा, बाबा म्हणत असाल तर बाबा. पण शब्द द्या आणि तो पाळा. मग त्यांना वरच्या मजल्याच्या कोरड्या व्हरांड्यात बसवा आणि ट्रंक तिथे न्या. हातमोजे घालून वस्तू तुम्ही काढायच्या, त्यांनी फक्त सांगायचं. त्यांना स्वतःला त्या ओल्या कापडात हात घालू देऊ नका. या वयात बोटाला साधी चीर असली तरी धोका आहे.

सगळ्यात आधी फोटो. अल्बमची पानं चिकटली असतील तर ओढू नका, ओढलं की चेहराच निघून येतो. पसरट परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, अख्खं पान त्यात बुडवा आणि थांबा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. फोटो आपणहून सुटायला लागतो. मग बोटाने न घासता पाण्यातच हलवून चिखल जाऊ द्या आणि चेहरा वर करून सुती कापडावर सावलीत पसरा. उन्हात टाकलात तर वळतात. जो काचेला चिकटलाय तो काचेसकट राहू द्या, आधी मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. एका दिवसात सगळे होणार नसतील तर उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून वरच्या कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या फोटोला बुरशी लागत नाही, आणि तुम्हाला आठवडाभराची सवड मिळते.

लुगडी आधी नुसत्या पाण्यात तीन-चारदा खळबळून घ्या, मग साबण. सुती असतील त्यांना गरम पाणी चालेल, रेशीमकाठाला गार पाणी आणि रिठे. गंजाच्या डागावर ब्लीच कधीही टाकू नका. डाग पक्का बसतो, कापड विरतं. लिंबू आणि मीठ लावून ठेवा, बरेचसे डाग फिके होतात.

गोधडीचं काम मोठं आहे. जुन्या हाताच्या गोधडीत पाच-सहा साड्यांचे थर असतात, आणि घाण पाणी मधल्या थरात बसतं. अख्खी गोधडी कितीही धुतली तरी पावसाळ्यात ती आतून वाळत नाही आणि आठवड्याने पुन्हा वास मारते. म्हणून ती उसवा. बाहेरचे टाके कापा, थर वेगळे करा, प्रत्येक थर गरम पाण्यात साबण घालून दोन-तीनदा धुवा. एरवी मी कुणाला सासूच्या हातचे टाके उसवायला सांगितलं नसतं. पण टाके पुन्हा घालता येतात. सासऱ्यांना आधी सांगा, आणि उसवताना त्यांना जवळ बसवा. आतल्या थरांतली लुगडी कुठली, कधीची, हे आता त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

आता तुमच्या मनात जे घोळतंय त्याबद्दल. तुम्ही एकट्या होतात. समोर एक म्हातारा माणूस, एक मूल आणि चढतं पाणी. तुम्ही सासऱ्यांना पलंगावर बसवलंत, म्हणजे पाण्याच्या वर ठेवलंत. सामान नंतर उचललंत. यात मला दोष दिसत नाही. पुढच्या वेळी क्रम बदला, एवढंच. घोट्याएवढं पाणी आलं की आधी माणसं वर, मग कागदांची पिशवी, आणि सामान जमलं तर. हे शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा. ज्या मुलांनी त्यांना उचललं त्यांनाच सांगा, "पाऊस धरला की तुमच्यातला एक जण आमच्याकडे येईल का?" चाळीत हे सांगायला संकोच वाटायचं कारण नाही.

पण एका गोष्टीसाठी मी तुम्हाला रागावणार आहे. पाण्यातून चालत जाऊन मेन स्विच बंद केलात, ते पुन्हा करू नका. पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत हातगाडी पाण्यातून हलवताना तीन जण विजेच्या धक्क्याने गेले. पाण्यात करंट उतरलाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. स्विच पाणी यायच्या आधी बंद करायचा, रस्त्यावर पाणी साठायला लागलं की लगेच. तेवढ्या वेळात जमलं नाही तर त्याच्या वाटेला जायचं नाही, बेस्टला फोन करून बाहेरून पुरवठा तोडायला सांगायचं. तुमच्या जिन्याखाली मीटरची खोली असेल तर चाळीच्या वतीने बेस्टकडे ते मीटर वर घेण्याचा अर्ज करा, मालकाची संमती लागेल. घरातले खालचे प्लग चार-पाच फुटांवर घ्या आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवा. इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबी म्हणेल, त्याला हवं ते बरोबर कळेल. सध्या वायरिंग तपासून झाल्याशिवाय भिजलेला एकही बोर्ड चालू करू नका. फ्रीज आणि वॉशिंग मशीनसुद्धा "बघू तरी चालतंय का" म्हणून लावू नका. मेकॅनिकने उघडून, वाळवून दिल्यावरच. गॅसची टाकी पाण्यात तरंगली असेल तर रेग्युलेटर आणि नळी बदलून घ्या. गॅसचा वास आला तर १९०६ या हेल्पलाइनला फोन.

दवाखान्याचंही आजच. तुम्ही, मुलगा, सासरे, ती शेजारची मुलं, सगळेच त्या पाण्यातून गेलात. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. त्यावर प्रतिबंधक गोळी असते. ती पाण्यातून आल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नसते, लहान मुलं आणि गरोदर बायकांना वेगळं औषध लागतं. ती वेळ तुमच्या हातून गेली आहे. तरी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन "आम्ही साठलेल्या पाण्यातून चाललो होतो" एवढं नक्की सांगा. आणि महिनाभर लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका. केईएम रुग्णालय तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

अन्नाबाबत मी कडक बोलणार आहे, कारण हे आमच्या घरात झालंय. माझं माहेर कुर्ल्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. माझे काका कुलाब्याला होते. फोन लागला तेव्हा ते म्हणाले, "एवढा कुठे पाऊस आहे?" आमच्या घरात तेव्हा छातीएवढं पाणी होतं. दोन दिवसांनी आईने गव्हाच्या पिठाचा स्टीलचा डबा उघडला. झाकण घट्ट होतं. वरचं पीठ पांढरंशुभ्र, कोरडं. खाली हात घातला तर तळाशी चार बोटं घट्ट लगदा. आईने वरचं पीठ काढलं, चाळलं आणि पोळ्या केल्या. घरात दुसरं काही नव्हतं, आणि तिच्या हातून अन्न टाकवेना. आम्ही पाचही जण आठवडाभर पोटाने आजारी होतो, धाकटा भाऊ सलाईनवर. म्हणून सांगते, पाण्याची रेघ जिथपर्यंत होती तिच्या खालच्या डब्यातलं सगळं टाका. झाकण घट्ट असलं तरी. लोणच्याची बरणी, तांदूळ, डाळ, मसाल्याचा डबा, पापडाचे डबे. सासऱ्यांना कष्टाचं अन्न टाकताना बघवणार नाही. ते समोर नसताना टाका. ट्रंकेसाठी दिलेल्या शब्दात अन्न येत नाही. आणि चाळीची तळटाकी बुडाली असेल तर ती रिकामी करून, घासून, क्लोरीन टाकून घेईपर्यंत पंप लावू देऊ नका. तोवर प्यायचं पाणी खळखळून उकळलेलंच.

घर साफ करताना लोक चिखलावरच ब्लीचिंग पावडर टाकतात. वास जातो, जंतू जात नाहीत, कारण पावडरचा जोर चिखलातच संपतो. आधी फावड्याने आणि झाडूने चिखल बाहेर, मग साबणाच्या पाण्याने घासणं, आणि मग ब्लीचचं पाणी. ते थोडा वेळ राहू द्यायचं आणि धुऊन टाकायचं. त्या दिवशी संडास साफ करायचं अॅसिड बाटलीतून बाहेरच काढू नका. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आलं की विषारी वायू होतो आणि बंद खोलीत जीव गुदमरतो. ओल जावी म्हणून खोल्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तीही नको, तिचा धूर न दिसताही मारतो. वायरिंग तपासून झालं की पंखे चालू, खिडक्या उघड्या, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे. प्लायवूडचं कपाट खालून फुगलं असेल तर ते गेलं. सागवानी पलंग धुऊन सावलीत वाळवला तर राहील. कापसाच्या गाद्या गेल्या. भिंतीला रंग मात्र दिवाळीच्याही पुढे ढकला. मुंबईच्या पावसाळी हवेत प्लास्टर वाळायला महिने लागतात. आत ओल असताना वरून रंग दिला की तो पापुद्र्यासारखा सुटतो.

काही टाकण्यापूर्वी फोटो काढा. भिंतीवरच्या रेघेला टेप लावून उंची दिसेल असा एक फोटो, आणि खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचा एक. तहसील कार्यालयाकडून पंचनामा होणार असेल तर तो करून घ्या, त्याची प्रत मागा. भिजलेला कचरा उचलायला महापालिकेच्या १९१६ या नंबरवर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा. तो ढीग दारात आठ-दहा दिवस राहिला की डेंग्यूचे डास तयार. पागडीवाल्यांना वाटतं, घर आपल्या नावावर नाही तर विमा कसला. तसं नाही. 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरावीक पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तिच्यात फक्त घरातल्या सामानाचा विमाही घेता येतो आणि पुराचं नुकसान तिच्यात धरलेलं असतं. या वेळचं नुकसान भरून येणार नाही, पण पुढच्या जूनच्या आधी चौकशी करा.

आता मोरी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य, "दारातून यायच्या आधी मोरीतून आलं."

हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. चारी बाजूंचं पाणी तिथे उतरतं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली. ती क्षमता दुप्पट करण्याचं काम गेली कित्येक वर्षं चाललंय, पंपिंग स्टेशनं झाली, तुमच्याकडे जमिनीखाली टाक्याही बांधल्या. तरी मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की समुद्राकडची तोंडं मिटतात आणि पाणी मागे राहतं. सांडपाण्याची लाइन कागदावर वेगळी असते. पण इतक्या पावसात चेंबरच्या झाकणांतून, फटींतून पाणी तिच्यातही शिरतं आणि ती तुडुंब भरते. भरलेल्या लाइनला जे सगळ्यात खालचं तोंड सापडतं तिथून पाणी वर येतं. तळमजल्यावर ते तोंड म्हणजे तुमच्या मोरीचा नहाणी ट्रॅप, जाळीखालचं पाणी जायचं भांडं.

म्हणून दाराला दोन फूट उंबरठा बांधून उपयोग नाही, आधी मोरी बंद व्हायला हवी. प्लंबर तुम्हाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा म्हणेल. पाणी बाहेर जाऊ देणारी आणि आत येऊ न देणारी ती झडप असते. बसवाच. पण कुठे, ते तुम्ही सांगा. चाळीचा एकच सांडपाण्याचा पाइप वरून खाली येतो आणि बाहेरच्या चेंबरला मिळतो. झडप त्या मोठ्या पाइपवर बसवली तर बाहेरचं पाणी अडेल, पण वरच्या तीन मजल्यांच्या मोऱ्यांचं पाणीही आतच अडेल, आणि तेही तुमच्याच मोरीतून वर येईल. मी हे एका घरात डोळ्यांनी बघितलंय. बाहेर पाणी नव्हतं आणि आत घोटाभर होतं. झडप फक्त तुमच्या खोलीच्या फाट्यावर हवी, जिथे तुमचा पाइप मोठ्या पाइपला मिळतो त्याच्या अलीकडे. आणि दर मे महिन्यात ती उघडून साफ करायची. तिच्यात केस किंवा प्लास्टिकचा एक तुकडा अडकला तरी ती मिटत नाही.

व्हॉल्व्ह बसेपर्यंतचा उपाय अगदी साधा आहे. जाळी काढा, तोंडावर जाड ओला कपडा चार घड्या करून ठेवा, वर प्लास्टिकमध्ये बांधलेली वाळूची पिशवी. किती वजन लागेल? चार इंची तोंडावर गुडघाभर पाण्याचा रेटा साधारण चार किलो वजनाएवढा असतो. दहा किलोची पिशवी सहज पुरते. थोडं पाझरेल, ते फडक्याने टिपता येतं. ही पिशवी जून ते सप्टेंबर मोरीच्या कोपऱ्यात तयारच ठेवा.

मोरी झाली की मग दार. चौकटीच्या दोन बाजूंना खाचा करून त्यात वरून सरकवायची फळी बसवून घ्या, खाली आणि कडांना रबराची पट्टी. फॅब्रिकेशनवाले अॅल्युमिनियमची करून देतात. दोन फुटांपेक्षा उंच मात्र करू नका. त्याच्यावर पाणी चढलं तर ते आत येऊ द्यायचं आणि आपण वर जायचं, कारण जुन्या भिंतींवर एका बाजूने पाण्याचा भार येणं चांगलं नाही. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरला जाणारी, असेल तर भिंतींना पडलेल्या नव्या चिरा म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवा. जमीन उचलून घ्यायची असेल तर मालकाचं पत्र घेतल्याशिवाय काम काढू नका.

एक काम चाळीच्या मीटिंगमध्येच होईल. रस्त्यावर पाणी साठलं की वरच्या सगळ्या मजल्यांनी मोरीत पाणी सोडायचं थांबवायचं. वरच्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या मोरीतून आलेल्या पाण्यात त्यांचंही थोडं होतं, हे न भांडता सांगा. ज्यांनी तुमच्या सासऱ्यांना उचलून घरात घेतलं ते याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

मुलगा रात्री उठून मोरीत बघून येतो, त्याला ओरडू नका. "आता पाणी येणार नाही, झोप" असंही म्हणू नका. ते येऊ शकतं हे त्याने बघितलंय, आणि तुमचा शब्द एकदा खोटा ठरला की पुढच्या वेळी तो ऐकणार नाही. त्यापेक्षा वाळूची पिशवी त्याला दाखवा, ती कशी ठेवायची ते त्याच्याकडून दोन-चारदा करून घ्या. झोपायच्या आधी दोघांनी मिळून मोरी बघायची आणि पिशवी ठेवायची. भरतीचं वेळापत्रक मिळवा आणि एक कॅलेंडर घ्या. साडेचार मीटरच्या वरची भरती ज्या दिवशी असेल त्या तारखेला त्याला लाल गोल करू द्या. त्याची दप्तरातली वह्या-पुस्तकं आणि एक आवडीची वस्तू उंच फळीवर ठेवायला जागा द्या. जे आपल्या हातात थोडं तरी आहे त्याची भीती कमी होते. महिन्याभरानंतरही झोप लागत नसेल, शाळेत लक्ष नसेल, तर केईएमच्या मानसोपचार विभागात न्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिला बदलापूरचा विषय. तुमच्या नवऱ्याच्या रागामागे त्या दिवशी तुमच्यापाशी पोचता आलं नाही ही बोच असावी असं मला वाटतं. पण जागा सोडायचा निर्णय पावसाळ्यात, ओल्या घरात बसून घेऊ नका. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी बाहेर काढले. उल्हास नदी तिथेही आहे. बदलापूर वाईट असं मी म्हणत नाही. जिथे जाल तिथे सोसायटीचं नाव बघण्याआधी पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नगरपालिकेत नकाशा मागा, आणि भर जुलैत एकदा तिथे जाऊन पानवाल्याला विचारा, "इथे पाणी कुठपर्यंत येतं?" पागडीची जागा विकणं म्हणजे मालकाची संमती आणि त्याचा वाटा, हेही हिशोबात धरा. आणि आधी आणखी एक वाट तपासा, तुमच्याच चाळीत वरच्या मजल्यावरची एखादी खोली पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती भाड्याने मिळते का? गावाला गेलेल्या कुणाची तरी बंद खोली असतेच. सासऱ्यांना शेजारी तेच राहतील, मुलाला शाळा तीच राहील. दिवाळीनंतर कोरड्या भिंतींमध्ये दोघं शांतपणे बसा आणि मग ठरवा.

गोधडीचे थर वाळले की ते लगेच शिवायला घेऊ नका. दोन-तीन कडक उन्हं लागू द्या, ती आता ऑक्टोबरमध्येच मिळतील. एखाद्या थराचा वास तेवढ्यानेही गेला नाही तर तो सासऱ्यांना दाखवा आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. उरलेले थर जुळवून पुन्हा टाके घाला. पहिली ओळ कुठून घालायची ते त्यांना विचारा. त्यांनी सासूबाईंना शिवताना बघितलेलं असणार.